कोइमतूरहून गावी परतावं का? एका गलाई कुटुंबाच्या प्रश्नाला विट्याहून उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा 1972 च्या दुष्काळात सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं गाव सोडून कोइमतूरला गेले, गलाईच्या म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या भट्टीवर राहिले आणि पुढं स्वतःचं दुकान टाकलं. वडील आता 66 वर्षांचे आहेत, त्यांना दुकान आवरून गावी यायचंय. विचारणारा मुलगा 38 वर्षांचा, जन्म कोइमतूरचा. तमिळ लिहिता-वाचता येतं, मराठी फक्त बोलता येतं. त्याचा मुलगा आठवीत, मुलगी चौथीत. "आमच्यातली बरीच घरं गावाकडं चाललीत. हे कशामुळं होतंय? आम्हाला इथून ढकललं जातंय की गाव ओढतंय? आम्ही यावं का?"

मी त्याच तालुक्यातल्या विट्यात 28 वर्षं गलाई कुटुंबांची करसल्ल्याची आणि कागदपत्रांची कामं करतो. माझे वडीलही गलाईवाले. सातवीपर्यंत मी विजयवाड्यात शिकलो आणि एका जून महिन्यात मला विट्याच्या शाळेत आणून बसवलं. त्यामुळं या प्रश्नाकडं मला नुसतं सल्लागार म्हणून बघता येत नाही.

आधी मूळ गोष्ट सांगतो, कारण तिच्यात गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. गावी येणं तुमच्या वडिलांसाठी परतणं आहे. तुमच्यासाठी ते स्थलांतर आहे, तुमच्या आयुष्यातलं पहिलंच. तुमच्या मुलासाठी तर ते परक्या शाळेत जाणं आहे. एकाच गाडीतून, एकाच सामानासह तिघं येणार, पण तिघांचा प्रवास वेगळा. घरात "आपण परत जाऊया" असं म्हटलं जातं तेव्हा त्या "आपण"मध्ये नक्की कोण कोण आहे ते एकदा बसून ठरवा.

हे आपल्यापुरतंच नाही. रशियाची राणी कॅथरिन हिनं 1763 साली जाहीरनामा काढून जर्मन शेतकऱ्यांना व्होल्गाकाठी बोलावलं. 1941 मध्ये स्टालिनच्या राजवटीनं त्यांच्या वंशजांना उचलून कझाकस्तान-सैबेरियात नेऊन टाकलं. पुढं पश्चिम जर्मनीनं 1953 च्या कायद्यानं अशा लोकांना जर्मन म्हणून परत घ्यायचं दार उघडलं आणि सोव्हिएत संघ खिळखिळा झाल्यावर पोलंड-रुमानियातले जर्मन धरून 1990 या एका वर्षात जवळजवळ चार लाख माणसं आली. आजवरचा या सगळ्यांचा मिळून आकडा 45 लाखांच्या आसपास आहे. कझाकस्तानात जे "जर्मन" म्हणून हिणवले गेले, तेच जर्मनीत उतरल्यावर "रशियन" ठरले. म्हाताऱ्यांना जुनी बोली तरी येत होती, नातवंडांना तीही नव्हती. 1990 च्या दशकात तिथल्या सरकारनं भाषेची परीक्षा आणली ती यामुळंच.

जपानचं तर आणखी बोलकं आहे. 1908 पासून जपानी शेतमजूर ब्राझीलला जात होते. 1990 मध्ये कारखान्यांना माणसं कमी पडली, तेव्हा जपाननं कायदा बदलून त्यांच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या वंशजांना कामाची मोकळीक दिली. तीन लाखांवर लोक आले. 2008 ची मंदी आली आणि 2009 मध्ये त्याच सरकारनं कामगाराला माणशी तीन लाख येन देऊन ब्राझीलला परत पाठवलं, त्या व्हिसावर पुन्हा येणार नाही या अटीवर. म्हणजे बोलावलं रक्ताच्या नावानं, आणि गरज संपली तेव्हा रक्त आठवलं नाही. तुमच्या शेजारच्या नीलगिरीतही अशी वस्ती आहे. 1964 च्या शास्त्री-सिरिमाओ करारानं श्रीलंकेतल्या चहामळ्यांतले सव्वापाच लाख तमिळ भारतानं परत घ्यायचं ठरलं. त्यातली कितीतरी कुटुंबं नीलगिरीच्या चहामळ्यांत आली. तिथंच जन्मलेली, भारत कधी न पाहिलेली माणसं "परत" आली, तीही दोन सरकारांनी आपसात ठरवलं म्हणून.

आपल्या गलाईवाल्यांना कोणतंच सरकार बोलावत नाही. तुम्ही तमिळनाडूत भाषेनं अल्पसंख्य आहात, पण देश एकच, म्हणून व्हिसा नाही, कोटा नाही, जहाजाचं तिकीट नाही. तरी घरं परत येतायत. मग हे बोलावणं करतं कोण?

लोक पहिलं नाव पाण्याचं घेतात. त्यात खोटं काही नाही. सातारा जिल्ह्यात कराड तालुक्यातल्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून ते टप्प्याटप्प्यानं कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पुढं सांगोल्याकडं नेलं. योजनेला मान्यता 1996 ची, पाणी शिवारात पोचायला पुढं कितीतरी वर्षं गेली. त्यासाठी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला पाणी परिषदा घेतल्या, तालुक्यातालुक्यातून माणसं रस्त्यावर बसली. ज्या माळावर कुसळं उगवत होती तिथं आज द्राक्षाच्या बागा आणि डाळिंब दिसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण माझ्याकडं आलेल्या घरांचा विचार केला तर निव्वळ पाण्यासाठी परतलेलं घर क्वचितच आठवतं. पाण्यामुळं "नको" म्हणायचं कारण संपलं, एवढं खरं. आजोबा गेले तेव्हा परतायला जागाच नव्हती, आता आहे.

खरा धक्का धंद्यातून बसतो. तुम्ही दुकानात बसता, तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. गलाईवाला म्हणजे मोडीचं, जुन्या दागिन्यांचं सोनं गाळून शुद्ध करून देणारा. 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यात हा धंदा जीव मुठीत धरून करावा लागायचा. 1990 ला तो कायदा गेला आणि आपली माणसं देशभर आणखी पसरली. नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी आली, तेव्हा रोखीवर चालणारी छोटी भट्टी महिनोन् महिने थंड पडली. जुलै 2017 ला जीएसटी आला. जून 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, मोठ्या पेढ्यांनी मोड स्वतःच घ्यायला सुरुवात केली, दारोदार टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायची मशिनं आली. आणि भाव! जानेवारी 2020 ला तोळा चाळीस हजारांच्या आसपास होता, एप्रिल 2025 ला त्यानं लाखाला हात लावला. लोकांना वाटतं सोनं चढलं की सोन्यातला माणूस श्रीमंत होतो. शंभर ग्रॅम माल फिरवायला चार लाख लागायचे तिथं एप्रिल 2025 ला दहा लाख लागले, आणि गाळायची मजुरी त्या पटीत वाढलेली नाही. भांडवल नसलेला गलाईवाला या भाववाढीत गुदमरतो.

दुसरा धक्का पोलिसांचा. गिऱ्हाईक मोड घेऊन येतं, तुम्ही गाळून देता, महिन्यानं कळतं की माल चोरीचा होता. पूर्वी चोरीचा माल घेतल्याबद्दल भारतीय दंडविधानाचं 411 कलम लागायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 317. तुम्ही निर्दोष असलात तरी "वसुली" म्हणून तेवढं सोनं भरून द्यायची पाळी येते, आणि परक्या मुलखात मध्ये पडायला कोण? माझ्या वडिलांनी एका रात्रीत अकरा तोळे असे भरले. पावती नाही, कागद नाही. त्या रात्री आईनं देवापुढचा दिवा विझू दिला नाही आणि सकाळी म्हणाली, पोराला गावाला टाका. मी विट्याला आलो तो त्या अकरा तोळ्यांमुळं. टेंभूचं पाणी तेव्हा कागदावरही नव्हतं.

तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही, ती अंगाची आहे. नायट्रिक ॲसिडचा तांबूस धूर तीस-चाळीस वर्षं छातीत गेला की साठीत दम लागतो. माझ्या टेबलासमोर सही करायला बसलेल्या माणसाची बोटं पाहिली की मी ओळखतो. शेंड्यांची कातडी हळद लावल्यासारखी पिवळी, आणि कितीही धुतली तरी ती निघत नाही. वडील "गावची हवा" म्हणतात तेव्हा त्यांना नक्की काय म्हणायचंय ते नीट विचारा. छातीचा फोटो काढून आणायला लावा. कित्येकदा गावाची ओढ म्हणून जे सांगितलं जातं, तो थकलेल्या शरीराचा निरोप असतो. तो लाजेपोटी गावाच्या नावावर खपवला जातो.

आणि चौथं म्हणजे शाळा. माझ्या अनुभवात घर हलण्याची वेळ यावरच ठरते. घरं मे-जूनमध्ये येतात, आणि मूल आठवी-नववीत असताना येतात. कारण राज्याच्या प्रवेश नियमांत आहे. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यातून जागा हवी तर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही इथून पास असावी लागतात, शिवाय अधिवासाचा दाखला. इंजिनिअरिंगलाही इथली दहावी-बारावी आणि त्यासोबत अधिवास किंवा महाराष्ट्रातला जन्म यांना वजन आहे. अधिवासाचा दाखला मागायला गेलात तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा विचारतात, तो तुमच्याकडं नाही. इथं एक जुनी रीत कामाला येते: पहिलं बाळंतपण माहेरी. तुमच्या पत्नीचं माहेर इकडचं असेल आणि मुलगा विट्यात किंवा आटपाडीत जन्मला असेल तर त्याचा जन्मदाखला इथल्या नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा असेल. तो शोधा. आजी-मावशीनं केलेल्या त्या बाळंतपणानं नातवाला राज्याचा रहिवासी ठरवायला मदत केलेली मी अनेकदा पाहिली आहे. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचल्याशिवाय पाऊल उचलू नका.

जातीच्या दाखल्याचंही असंच. राखीव प्रवर्गातली कुटुंबं परराज्यात गेली की तिथं त्यांना ती सवलत मिळत नाही, मूळ राज्यातच मिळते. आणि मूळ राज्यात पुरावा मागतात तो जुना: ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. तो कोइमतूरमध्ये कुठून मिळणार? तो आहे गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि तहसीलच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर तर सेलम, इरोड, कोइमतूर, कुठून कुठून माणसं रजा काढून तहसीलच्या दारात उभी राहिली. पन्नास वर्षं जत्रेपुरतं येणारं घर पणजोबाच्या नावातली वेलांटी बरोबर आहे का ते बघायला आलं. सरकार तुम्हाला "या" म्हणत नाही, पण त्याचे कागद म्हणतात.

आता गाव. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या जत्रेला तुम्ही येता, देवळाच्या भिंतीवर देणगीदारांच्या पाट्यांत आजोबांचं नाव आणि पुढं "कोइमतूर" वाचता, छाती भरून येते. चार दिवसांच्या जत्रेत गाव पाहुण्याला जसं वागवतं तसं बारा महिने राहणाऱ्याला वागवत नाही. एक प्रसंग सांगतो, ओळख पटेल असं काही न ठेवता. एकतीस वर्षांनी परतलेले एक काका मला शेतावर घेऊन गेले, मोजणीच्या आधी बांध बघायला. सातबारा सामाईक, त्यांचं नाव तिसऱ्या नंबरला. चुलतभाऊ आधीच येऊन विहिरीच्या कठड्यावर बसलेला. दोघांनी तंबाखू मळली, एकमेकांना दिली. मग काका म्हणाले, "माझा हिस्सा कुठनं कुठपर्यंत रं?" चुलतभाऊ बराच वेळ बोलला नाही. ठिबकच्या नळीवरची माती अंगठ्यानं पुसत म्हणाला, "आण्णा, तू गेलास तवा हितं खडक हुता. ही माती मी टाकलीया, गाडीनं." काका तिथंच खाली बसले. दोघंही खरं बोलत होते.

तो वाटा अखेर झाला, पण काकांनी निम्म्यावर समाधान मानलं, आणि मला वाटतं त्यांनी योग्य केलं. ज्यानं माळ राखला त्याचा हक्क कायद्याच्या कागदात बसत नाही, पण तो असतो. तुम्ही आधी वारस नोंद झाली आहे का बघा. आजोबांच्या नावावरून ती खाली उतरलीच नाही असं कितीदा तरी निघतं, आणि आत्यांची नावं लागलेली नसतात ती वेगळीच. गावच्या तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांच्याकडून सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढून घ्या. कोर्टाची पायरी चढायच्या आधी चुलत्यांच्या ओट्यावर बसा, आणि हात हलवत जाऊ नका.

तुमच्या प्रश्नात तुमच्या पत्नीचा उल्लेख नाही. ते मला खटकलं. कोइमतूरमध्ये त्या भाजीला एकट्या जातात, दुचाकी चालवतात, दुकानाचा हिशेब बघतात, शेजारणीशी तमिळमध्ये तासभर बोलतात. इथं आल्यावर त्या "थोरल्या घरची सून" होतील. पहाटेपासून भावकीची ये-जा, कुणाच्या दारात किती वेळ उभं राहिलं त्याचा हिशेब. परतलेली घरं वर्षा-दोन वर्षांत पुन्हा निघून गेलेली मी पाहिली आहेत. त्यांत धंदा बुडाला म्हणून गेलेली कमी, घरातल्या बाईचा जीव रमला नाही म्हणून गेलेली जास्त. माझी आई तेलुगू शेजारणीच्या आठवणीनं किती दिवस रडली ते मला मोठेपणी कळलं. आम्हाला वाटायचं ती तिच्या गावात आली, आता तिला काय कमी?

मुलाबद्दल. 2020 च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत, मग त्या कोणत्याही बोर्डाच्या असोत, मराठी हा विषय सक्तीचा केला आहे. तुमचा मुलगा घरी मराठी बोलतो, पण लिहिणं वेगळं. मी आठवीत पहिल्या निबंधात "मी जेवण केला, मग शाळा गेलो" असं लिहिलं होतं. गुरुजींनी वर्गात वाचून दाखवलं आणि मी "आंध्रवाला" झालो तो बारावीपर्यंत. त्यावर उपाय होता तो माझ्या आजीनं केला. रोज संध्याकाळी ती पंचांग आणि वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायची. मुलाला आत्तापासून रोज अर्धा तास मराठी वाचायला आणि पाच ओळी लिहायला बसवा, यायचं ठरो न ठरो. आणि त्याचं तमिळ सुटू देऊ नका. ती त्याची भाषा आहे, माघारी टाकून यायचं सामान नव्हे.

यावं की नाही? मला विचाराल तर वडिलांनी आणि आईंनी यावं, तेही या पावसाळ्यानंतर, आधी सहा महिने राहून बघायला. दुकान एकदम बंद करू नका. जीएसटीची नोंदणी राज्यागणिक असते. तमिळनाडूची रद्द केली की तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावं लागतं, शिल्लक मालावरचा कर चुकवावा लागतो, आणि महाराष्ट्रात सगळं नव्यानं काढावं लागतं. दुकान बंद झालं तरी खरेदी-विक्रीची पुस्तकं सहा वर्षं तरी जपून ठेवा, आणि कोइमतूरला नव्हे, तुमच्याजवळ. जुन्या मालाची चौकशी आली तर तीच वही तुम्हाला वाचवेल. माझ्या वडिलांकडं ती नव्हती.

मुलाच्या शिक्षणासाठी यायचं असेल तर उशिरात उशिरा नववीला या. दहावीच्या वर्षात मूल हलवू नका, त्यापेक्षा तिथंच बारावी होऊ द्या. तमिळनाडूतली कॉलेजं वाईट नाहीत आणि तिथं जन्मून तिथंच शिकलेल्या मुलाला तिथं मार्ग आहे. तंजावरला व्यंकोजीराजांबरोबर गेलेली मराठी माणसं सतराव्या शतकापासून तिथंच आहेत, घरात मराठी बोलतात, बाहेर तमिळ. ती परतली नाहीत म्हणून कमी मराठी झाली नाहीत.

आणि इथं येऊन काय करणार हे ठरवल्याशिवाय येऊ नका. विट्यात यंत्रमाग आहेत, कुक्कुटपालन आहे, पण दोन्हींत उतरलेले गलाईवाले पहिल्या तीन वर्षांत पैसे घालवतात, कारण सोन्यातली सवय अशी की संध्याकाळी गल्ला मोजता येतो. डाळिंबाची बाग लावलीत तर तेल्या रोग कधी पडेल सांगता येत नाही, आणि टेंभूच्या पाण्याचं आवर्तन तुमच्या वेळापत्रकानं सुटत नाही. बागेत उतरायचंच असेल तर दोन वर्षं तशा एखाद्या चुलतभावाच्या हाताखाली करा, ज्यानं गाडीनं माती टाकली.

वडिलांना घेऊन याल तेव्हा त्यांचा गावच्या शाळेचा दाखला, आजोबांच्या नावाचं काहीही जुनं कागदपत्र, तुमच्या दोन्ही मुलांचे जन्मदाखले आणि लग्नाची नोंद एवढं बरोबर आणा. पत्नीलाही आणा. कागद मी बघतो, तोवर त्यांनी माझ्या घरी बसावं. माझी पत्नी सेलमला वाढली आहे, या प्रश्नाचं माझ्यापेक्षा खरं उत्तर ती देईल.